शेरा

चेंदणी कोळीवाड्यातून हर्षाली नाखवा आली,
जुन्या लुगड्यात गुंडाळलेला ट्रम्पेट घेऊन.
"काका, मॉडेल तेवढं सांगा. गिऱ्हाईक विचारतंय."
एकतीस वर्षं मी वागळे इस्टेटीत
दुसऱ्यांच्या हातची कामं मोजली:
पास, नापास, पुन्हा करा.
मला साधी शिट्टीसुद्धा वाजवता येत नाही,
पण पितळेचं काही निघालं की लोक अजून माझं दार वाजवतात.

जेवणाच्या टेबलावर पेपर अंथरला.
व्हर्नियर काढला, भिंग काढलं.
बायकोने निवडायची मेथी उचलून
काही न बोलता आत नेली.

भोंग्यावर कधीकाळी नक्षी होती.
चिंच आणि राखेने इतकी वर्षं घासलीय
की एक पान उरलंय, आणि अर्धं अक्षर,
बी असेल किंवा आर.
नंबर पाच आकडी, शेवटचा आकडा झिजलेला.
पिस्टनच्या पेटीवर निराळाच नंबर,
म्हणजे दोन घरं मोडून हा एक संसार मांडलेला.

पुतण्याने जुन्या कॅटलॉगांची चित्रं पाठवली होती.
अकरा वाजेपर्यंत जुळवत बसलो.
नळीचा वळसा एकाशी जुळायचा,
टेकू दुसऱ्याशी,
मधलं बटण मात्र कोणाशीच नाही.

ते गोल नव्हतंच.
त्याला पुढे, जरा उजवीकडे, जीभ फुटलेली,
चिंचोक्याएवढी.
तिसरं बटण तळहाताच्या दिशेने ओढून घेतलेलं.
करंगळी अडकवायचा आकडा मुळापासून काढलेला,
डागाची जागा घासून इतकी साफ
की नखाला लागत नव्हती.

मी असतो तर नापास केलं असतं.

मग भिंगाखाली टोपणाची कड धरली.
पकडीसाठी पाडलेले बारीक खवले, एकसारखे,
आणि ठरावीक अंतराने
एक रेघ गाळलेली.
पुन्हा खवले. पुन्हा एक गाळलेली.

गनी.
राबोडीचा गनी टर्नर, रात्रपाळीचा.
त्याच्या नर्लिंगच्या चाकाचा एक दात तुटलेला होता
आणि स्टोअरवाल्याने नवं चाक
तो रिटायर होईपर्यंत दिलं नाही.
या गाळलेल्या रेघेपायी
मी त्याचे दोन लॉट परत पाठवले होते.
तिसऱ्याच्या वेळी तो माझ्या टेबलाशी आला,
म्हणाला, "साहेब, धरून तर बघा."
मी मोजत होतो. धरून बघितलं नाही.

आता धरला.
पहिलं बोट पहिल्यावर,
मधलं मधल्यावर, तर ती जीभ
अनामिकेखाली येऊन टोचते.
हात आखडतो.
दोन-तीनदा उलटसुलट करून बघितलं.
शेवटी कंटाळून मधलं बोट दुमडलं
आणि सगळं आपसूक जागेवर बसलं:
अनामिका जिभेवर, करंगळी तिसऱ्यावर,
जसं आपल्या मापाची चप्पल
अंधारात पायाला सापडते.

रात्र झाली होती, तरी फोन केला.
"हो मग," हर्षाली म्हणाली,
"आजोबांचं मधलं बोट प्रेस मशीनमध्ये गेलं ना!
सगळ्यांना माहितीये.
त्यानंतरच तर त्यांनी बँड काढला,
कामावरून काढलं म्हणून.
हळदीला पहाटेपर्यंत वाजवायचे."

मी सांगितलं तिला: भोंगा एकाचा,
पेटी दुसऱ्याची, बटणं राबोडीची.
कुठल्याच कॅटलॉगात नाही.
पलीकडे कोणाच्या तरी घरातला टीव्ही ऐकू येत होता.
मग ती म्हणाली,
"म्हणजे ओरिजिनल नाहीये का, काका?"

मी व्हर्नियर मिटला, पुन्हा उघडला.
तोंडाशी आलेला शब्द
सवयीचा होता, तो गिळला.
"सकाळी ये," म्हटलं,
"आणि गिऱ्हाइकाला सांग,
आधी हात दाखव."